आणखी एकदा, मावशी

“थोडं अलीकडं सरका, मावशी,” दीपा म्हणाली.

कडूबाई सरकली. उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीच्या दारातून येणारं ऊन आता तिच्या एकाच गालावर पडत होतं, दुसरी बाजू पार अंधारात. कॅमेऱ्यामागून दीपाच्या वर्गातल्या योगेशने नकारार्थी मान हलवली. दीपाने उजेड परतवायला आणलेला पांढरा थर्माकोल उचलला. तो धरायला कुणीतरी हवं होतं. ऊसतोड टोळीचा मुकादम बिभीषण ट्रॉली भरून घ्यायला फडात गेला होता. उरली होती चुलीजवळची मनकर्णा. ही दोघं आल्यापासून तिने तोंडातून शब्द काढला नव्हता.

“तिला पाण्याला जाऊ द्या, ताई,” कडूबाई म्हणाली. “हांडा रिकामा हाय.”

“थोडाच वेळ. नुसतं असं धरून बसायचं, बाकी काही नाही.”

कडूबाईने मनकर्णेकडे पाहिलं. मनकर्णेने हांडा खाली ठेवला आणि थर्माकोल हातात घेतला.

दीपा श्रीरामपूरची. लहानपणापासून ऊस डोळ्यांसमोर, पण तो तोडणाऱ्यांच्या कोपीत ती आज पहिल्यांदाच शिरली होती. नगरच्या कॉलेजात ती फिल्मचं शिकत होती, आणि तिच्या वडिलांनी, भाऊसाहेबांनी, स्पष्ट बजावलं होतं की पुण्याच्या संस्थेत प्रवेश मिळाला तर पुढे शिक, नाहीतर घरी ये आणि बँकेच्या परीक्षांना बस. प्रवेशासाठी स्वतः केलेला माहितीपट पाठवायचा होता. एसटी स्टँडवर केलेला तिचा पहिला माहितीपट सरांनी भर वर्गात दाखवला आणि म्हणाले, सगळं नीटनेटकं आहे, फक्त यात माणूस तेवढं नाही. वर्ग हसला. योगेशही हसला. ते आठवलं की अजून तिचे कान तापायचे. या वेळी तिला माणूस हवं होतं. खरं सांगायचं तर रडणारं माणूस हवं होतं.

बिभीषणने फोनवर सांगितलं होतं की मागच्या हंगामात टोळीतलं एक लेकरू गेलं, तुम्ही या, कडूबाई सगळं सांगेल. ते ऐकून तिला आनंद झाला होता. कोपरगावच्या एसटीत बसल्यावर त्या आनंदाची लाजही वाटली होती, पण ती काही परत फिरली नाही.

योगेशने खूण केली. कडूबाई सांगू लागली.

“लेकरू पाचटावर निजवलं हुतं. ट्रॉलीच्या कडंला सावली हुती म्हणून. ड्रायव्हरला काय दिसलं न्हाई. त्यानं ट्रॉली मागं घेतली.”

तिने पदर तोंडाला लावला. डोळे भरून वाहू लागले.

मिळालं, असं दीपाच्या मनात आलं. तेवढ्यात योगेश कुजबुजला की उजेड सारखा हलतोय, शॉट वाया गेला. मनकर्णेच्या हातातला थर्माकोल एका जागी राहत नव्हता. दीपाने तिला जरा तोडूनच सांगितलं की एवढं एक काम आहे, तेवढं तरी नीट धरा. मनकर्णेने थर्माकोल छातीशी आवळला.

“आणखी एकदा, मावशी.”

कडूबाईने पुन्हा सांगितलं. पुन्हा पाचट, पुन्हा सावली, पुन्हा ड्रायव्हर. पुन्हा रडली. या खेपेला उजेड ठीक होता, पण दीपाला दुसरंच खटकलं. बाई नुसतं ‘लेकरू’ म्हणत होती. सर लगेच बोट ठेवतील, दुःख लांबून आलंय म्हणतील.

“मावशी, ‘माझं लेकरू’ असं म्हणाल का?”

कडूबाईने पदराने डोळे टिपले.

“तसं न्हाई म्हन्लं तर?”

“थोडं जवळचं वाटतं, एवढंच.” हे बोलताना दीपाला तिच्याकडे बघवेना. ती उगाच माईकची वायर सारखी करत राहिली.

कडूबाईने मनकर्णेकडे पाहिलं. मनकर्णेने मान खाली घातली आणि कळेल न कळेल अशी हलवली.

“माझं लेकरू पाचटावर निजवलं हुतं,” कडूबाई म्हणाली. तिचा आवाज असा फाटला की योगेशही जागचा हलला नाही. थर्माकोल या वेळी दगडासारखा स्थिर होता.

सामान आवरताना योगेश म्हणाला की आता तुझा प्रवेश कुणी अडवत नाही. दीपाला वडिलांचा चेहरा दिसला, सरांचा दिसला. मग तिला आपणच दिसलो. दुकानदाराला आणखी एक साडी दाखवायला सांगावं तसं आपण एका आईला आणखी एकदा रडायला सांगत होतो. तिला स्वतःची किळस आली. मनकर्णेने थर्माकोल भिंतीला टेकवून ठेवला, हांडा उचलला आणि कुणाकडे न बघता ती कालव्याच्या वाटेने गेली.

योगेशला रस्त्याकडे पाठवून दीपा मागे राहिली. कडूबाई चुलीत चिपाडं सारत होती. दीपा तिच्यापुढे उकिडवी बसली.

“मावशी, चुकलं माझं. तुमच्या लेकराचं दुःख मी परत परत उकरायला नको होतं. मला माफ करा.”

कडूबाईने हात झटकले. तिचे डोळे केव्हाच कोरडे झाले होते.

“मला कशाला म्हनता, ताई? माझी दोन्ही पोरं गावाकडं शाळंत हायेत. मागं असेच क्यामेरेवाले आल्ते, त्यांनी मनकर्णेलाच इचारलं. त्याच्यानंतर ती लई दिस जेवली न्हाई. तवापासून तिच्या लेकराचं मी सांगते, अन् कुनी आलं की आमी तिला पाण्याला धाडतो. आज तुमी तिला बसवून घेतली.”