फुग्याची गाठ

फुगा रिकामा झाला तशा काकू स्टुलावरून उठल्या. पोरापोरींच्या वर्गात त्या एकट्याच पोक्त, म्हणून सगळी प्रयोगशाळा त्यांना काकूच म्हणायची. फुग्यात हायड्रोजन होता, खाली चंबूतल्या द्रवात उत्प्रेरकाची काळी पूड गरगरत होती. द्रवातले दुहेरी बंध उघडून तिथे हायड्रोजन बसवायचा, एवढंच आजच्या परीक्षेत करून दाखवायचं होतं.

"द्रवाने प्यायला की सगळा गॅस!" शेजारच्या टेबलावरची पोरगी म्हणाली. "सुटलात काकू."

काकूंनी थोडा द्रव गाळून परीक्षानळीत घेतला आणि त्यात ब्रोमीनचा थेंब सोडला. रंग टिकला तर काम फत्ते. पण लालसर रंग बघता बघता नाहीसा झाला. दुहेरी बंध अजून शिल्लक होते.

त्यांनी फुग्याच्या तोंडाशी बोट नेलं. दोरा सैल होता. मागच्या परीक्षेत आवळताना फुगा फाटला आणि त्या नापास झाल्या, म्हणून आज हलक्या हाताने गाठ मारली होती. हायड्रोजन तिथूनच पसार झाला होता. या खेपेला जमलं नाही तर पुस्तकं माळ्यावर टाकायची, असं घरात ठरलं होतं. ठरवलं सासूबाईंनी, मान काकूंनी हलवली होती.

"माझ्यातलं घ्या थोडं," पोरगी कुजबुजली. "कुणाला कळणारे?"

"तुझा चंबू पास होईल गं बाई. मी कुठे होणार?"

परीक्षक बाई टेबलाशी आल्या. "वेळ संपत आली. अपूर्ण लिहू?"

"नका लिहू बाई. नवा फुगा द्या."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "खोलीला कुलूप लागेपर्यंत वेळ देते."

आतली हवा काढून काकूंनी हायड्रोजन भरलेला नवा फुगा चढवला आणि पोत्याचं तोंड आवळावं तसा दोरा दातओठ खाऊन आवळला. फाटला तर फाटला. फाटला नाही. मग त्या बसल्याच नाहीत. बाकीचे आवरून निघून गेले, शिपाई किल्ल्या घेऊन दाराशी आला, तरी त्या फुग्यावर नजर रोखून उभ्या.

फुगा लोळागोळा झाला तेव्हा त्यांनी पुन्हा थेंब सोडला. नळी हलवली. बाईंनी मान वाकवून पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"टिकलाय रंग. ठेवा आता खाली."

"थांबा बाई, अजून एकदा."

काकूंनी नळी कचकचून हलवली. लालसर रंग जागचा हलला नाही.