सनमायका

मुलीला, अंकिताला, बघायला पाहुणे येणार म्हणून अमृतनं सोलापूरचं घर चकाचक करून घेतलं. बैठकीतल्या जुनाट मेजाची तर त्याला भारीच लाज वाटायची. ते त्याच्या आजोबांनी कुर्डुवाडीला, रेल्वेच्या गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलेलं. वडील, रामहरी, दर शनिवारी त्याला गोडेतेल लावून पुसत बसायचे. रामहरी चार दिवस वेळापूरला आपल्या लेकीकडे गेले आणि अमृतनं लगेच सुतार बोलावला. मेजाचा वरचा भाग रंधा मारून गुळगुळीत केला, त्यावर पांढरीशुभ्र सनमायका चिकटवली.

रामहरी परतले. त्यांनी मेजावरून एकदा हात फिरवला आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलाचे वडील टेकायच्या आधीच म्हणाले, "आमचं आबा कुर्डुवाडीला सुतारकाम करायचं. तुमच्या त्या लिलावातल्या मेजाचं लई कौतुक सांगायचं बगा. काळं आबनूस, तांबडं रक्तचंदन, ब्रह्मदेशाचं पिवळं लाकूड, असलं बारीक बारीक तुकडं बसवून केलेला मोर. आबा गेलं, पण मला एकदा बगायचाय तो. कुटं हाय ते मेज?"

चहाचा ट्रे त्याच मेजावर होता. अमृतची मान वर होईना.

"ह्येच की ते," रामहरी हसत म्हणाले. "म्हातारपणी मला नव्याची हौस आली. पोरगं लई नको नको म्हणत हुतं, मीच ऐकलं न्हाय."