रोझमंडच्या खालची जागा

ओल्गाने तिसऱ्यांदाही नाहीच म्हटलं. लेडी रोझमंडनी सुपाचा चमचा बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड केलं.

अल रीम आयलंडवरच्या एकतिसाव्या मजल्यावर, पलंगाला लागून असलेल्या त्या भिंतीवर घराण्याची वंशावळ टांगली होती. चौदा पिढ्या, आणि प्रत्येक पिढीतली थोरली मुलगी रोझमंड. या शेवटच्या रोझमंडना मूलबाळ नव्हतं. नवरा तेलाच्या कामासाठी अबुधाबीला आला आणि इथेच गेला. आडनाव बिनलग्नाच्या भावाबरोबर संपलं होतं, आता नावही संपायला आलं होतं. डॉक्टरांनी फार तर आठवडा सांगितला होता. म्हणून एवढ्या मोठ्या घरच्या बाईने आपल्याला न्हाऊमाखू घालणाऱ्या ओल्गापुढे पदर पसरला होता: तुझ्या नातीला माझं नाव दे.

ओल्गाला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण वसईला तिच्या घरात पहिल्या मुलाच्या पहिल्या मुलीला आजीचंच नाव देतात. तो आपला हक्क आहे, हे तिने बाईंना स्पष्ट सांगून टाकलं होतं. मुलगा मार्क सहा वर्षांचा असताना ती इथल्या नोकरीसाठी विमानात बसली. त्याची शाळा, आजारपणं, टेसाशी लग्नाची बोलणी, सगळं तिने फोनवरच ऐकलं. आता निदान त्या घरात दिवसभर ओल्गा नावाने हाका तरी ऐकू येतील, एवढ्या एका आशेवर तिचे गेले नऊ महिने सुखाचे गेले होते.

दुपारी मार्कचा फोन आला. बाप्तिस्मा छान झाला, फादर वेळेवर आले, जेवण कमी पडलं नाही, असं बरंच काही सांगत बसला. शेवटी तिनेच नाव विचारलं.

“मम्मी, रागवू नको हां. झारा ठेवलंय. टेसाला ओल्गा एकदम ओल्ड-फॅशन्ड वाटतं. आणि तसंही, तू इथे असतेस कुठे?”

छान आहे, असं म्हणून ओल्गाने फोन ठेवला. बाथरूममध्ये नळ सोडून ती पोटभर रडली. मग तोंड धुऊन बाहेर आली आणि बाईंच्या उशाशी बसली.

“मॅडम, बेबीचं बॅप्टिझम झालं,” ती म्हणाली. “रोझमंड ठेवलं.”

बाई हसल्या. किती दिवसांनी हसल्या. ते नाव आत्ताच्या आत्ता लिहून टाक म्हणाल्या. ओल्गा स्टुलावर चढली आणि त्यांच्या नावाखालच्या कोऱ्या जागेत तिने चांगल्या अक्षरात ‘रोझमंड’ लिहिलं. खाली उतरली तेव्हा बाई वंशावळीकडे बघतच नव्हत्या. तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघत होत्या.

“आणि तुझं नाव, ओल्गा?” त्यांनी हळूच विचारलं. “ते आता कोण चालवणार?”