थंड इंजिन

"नाखवा, इंजिन गरम कसं?" यॉट बघायला पुण्याहून आलेल्या दातारांनी चटकन हात मागे घेतला. त्यांनी तळ आतून ठोकून पाहिला होता, पंप चालवून पाहिला होता, कुठेच खोट सापडली नव्हती. "मी यायच्या आधीच चालवून ठेवलंत. थंड असलं की सुरू होत नसणार."

"रोज सकाळी तासभर चालवतो. बायको गेल्यापासून," भिकाजी म्हणाला.

"जाता कुठे?"

"कुठे नाय. दोरसुद्धा सोडत नाय. घरात कसला आवाज नाय हो, म्हणून इथे येऊन बसतो."

दातार ओशाळले, पण व्यवहार तो व्यवहार. "उद्या सकाळी येतो. तोवर हात लावू नका."

मुलीकडे कायमचं राहायला जायचं ठरलं होतं, म्हणून तर यॉट विकायची होती. तरी दुसऱ्या दिवशी चावी खिशात ठेवून धक्क्यावर बसल्या बसल्या भिकाजी मनात म्हणाला, आज सुरू होऊ नको.

दातारांनी आल्या आल्या इंजिनावर तळहात ठेवला. गार होतं. त्यांनी भिकाजीकडून चावी घेऊन फिरवली आणि पहिल्याच फटक्याला ते धडधडायला लागलं.

"मानलं बुवा! घेतली मी!" दातार हसत म्हणाले आणि बंद करायला वाकले.

भिकाजीने त्यांचा हात धरला. "जरा चालू राहू द्या."