कोल्ह्यांसाठी एक गोळी

“ठेवा, विका, नाहीतर वाजवा,” बंदुकांच्या दुकानातला ड्वाइट म्हणाला. “पण विकून हाती फारसं काही लागायचं नाही, लवॉनबाई. असली रिव्हॉल्व्हरं या खोऱ्यात घरोघरी आहेत.”

तिच्या गेलेल्या नवऱ्याचं, ऑरिनचं रिव्हॉल्व्हर काउंटरवर पडलं होतं. मुठीचं लाकूड त्याच्या तळव्याने गुळगुळीत झालेलं. ड्वाइटने ते उघडलं. घोड्याखालचं घर रिकामं, बाकीची भरलेली. चुकून बार उडू नये म्हणून जुनी माणसं भरत तसं.

“त्याच्या हातच्या गोळ्या दिसतात. काढू?”

“राहू दे,” लवॉन घाईने म्हणाली. “उद्या सांगते.”

“एकटीच्या घरात हत्यार कशाला, आई?” असं म्हणून मुलीने तिला दुकानात पाठवलं होतं. खरंच, कशाला?

रोज संध्याकाळी जेवणानंतरची प्रार्थना झाली की ऑरिन कोठारामागे जायचा. एक बार व्हायचा. जरा वेळाने नदीपलीकडच्या टेकडीवरून पडसाद यायचा. मग तो आत येऊन कॉफी मागायचा.

“लागला का कोल्हा?” ती चिडवायची. “इतक्या वर्षांत एकाचं शेपूट तरी दाखव की!”

“उद्या,” तो हसून म्हणायचा.

पलीकडे त्याच टेकडीच्या पायथ्याशी त्याचा थोरला भाऊ अर्विड राहायचा. बापाची जमीन वाटली गेली तेव्हापासून भावाभावांत बोलणं नव्हतं. ऑरिनला माती दिली त्या दिवशी अर्विड दफनभूमीच्या कुंपणाबाहेरच टोपी काढून उभा राहिला आणि तसाच परत गेला. तेव्हापासून लवॉनच्या संध्याकाळी मुक्या झाल्या होत्या.

विकायचंच, तिने ठरवलं. पण त्याआधी तो आवाज एकदा ऐकायचा.

त्या संध्याकाळी तिने एकटीने प्रार्थना म्हटली. कॉफी चुलीवर ठेवली आणि कोठारामागे गेली. मातीच्या ढिगावर नेम धरून दोन्ही हातांनी चाप ओढला. बार झाला. कोंबड्या कलकलल्या. डोळे मिटून ती पडसादाची वाट पाहू लागली.

टेकडी गप्प होती.

“तोही तुझ्याबरोबरच गेला का रे?” ती पुटपुटली आणि वळली. दारापर्यंत पोचली, कडीला हात लावला, तेवढ्यात नदीपलीकडे बार झाला.

पडसादाला एवढा उशीर होत नाही.

तिने मागे पाहिलं. अर्विडच्या ओट्यावर दिवा लागला होता. दिव्याखाली कुणीतरी टोपी काढून उभं होतं.

आत कॉफी उतू गेल्याचा वास सुटला, तरी ती बराच वेळ तिथेच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ड्वाइटने विचारलं, “मग? काय ठरलं?”

“गोळ्यांची एक पेटी दे बाबा,” लवॉन म्हणाली. “कोल्हे फार झालेत.”