काळी परात

रांगोळीचा दगड कुटायला गोजरबाई चालायची, वस्त्रगाळ करायलाही चालायची. काढायला तेवढी चालत नव्हती. कपाळ मोकळं झालेल्या बाईनं लग्नाच्या दारात ठिपका टेकवायचा नसतो, हे तिला माहीत होतं. तरी भावजय सकाळपासून दोनदा सांगून गेली.

"वन्सं, तुमी नुसती चाळून ठिवा. सुमनबाई काढंल."

सुमनबाईची रांगोळी म्हणजे दौतीत पडलेली माशी कागदावरून चालत गेल्यासारखी. पण सुमनबाईला नवरा होता.

"बरं, धुरपते," एवढंच गोजरबाई म्हणाली. लग्न सत्यशीलाचं होतं. ह्या भाचीला तिनं पायांवर घेऊन न्हाऊ घातलेलं. तिच्या दारात आज एक रांगोळी आपल्या हातची असावी, असं तिला फार वाटत होतं. ते तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही.

गोरज मुहूर्त जवळ आला. नवरदेव मारुतीला आला म्हणून सगळं घर तिकडं पळालं. सुमनबाईही पळाली, दार कोरंच ठेवून. मांडवात उरली गोजरबाई आणि बाजावाला नागनाथ. नामांतराच्या बंदमुळं एस.टी. बंद, त्यामुळं बँडवाले जिंतूरलाच अडकलेले. हा एकटा कुणाच्या तरी टेम्पोत बसून आला होता, कॅसिओ आणि स्पीकरचं खोकं घेऊन. पण कॅसिओला वायर लागते. तो वरातीपुढं चालत नाही. नवरदेवापुढं गावातलीच हलगी गेली होती.

नागनाथनं स्पीकरचं खोकं उताणं पाडून त्याची तार जोडली. चाळलेल्या रांगोळीची परात धरून गोजरबाईचे हात भरून आले होते. समोर काहीतरी पाटासारखं दिसलं, तिनं त्यावर परात टेकवली. चुलीवर काळी पडलेली पत्र्याची परात, तळाला रांगोळीचा पातळ थर.

"अक्का, त्याच्यावर काई ठिवू नका..." म्हणेपर्यंत नागनाथचं बोट पट्टीवर पडलंही होतं.

खोकं घुमलं. परातीतली रांगोळी टुणकन उडाली, इकडंतिकडं पळाली आणि जागेवर बसली. वर्तुळात वर्तुळ, त्यांना कापत गेलेल्या रेषा. छिन्नीनं टाकी घातलेल्या जात्यासारखं.

"अगं बया!" गोजरबाई मागं सरली. मग पुढं झाली.

नागनाथ बोट तसंच दाबून वाकला. "हे कुणी काढलं?"

"तुमीच की."

त्यानं मान वाकडी करून परात दुसऱ्या बाजूनंही बघितली. "लोक इचारतात, फुकत न्हाईस, बडवत न्हाईस, मग तू करतूस काय? आज दाखवलं असतं. तर आज बघायला कुणी न्हाई."

"मी हाय की."

"तुमी हाव," नागनाथ म्हणाला. त्यानं गळ्यातला रुमाल सारखा केला.

"जरा वरचा सूर द्या. पाकळ्या लय रुंद झाल्यात."

त्यानं दिला. रांगोळी मोडली, पळाली, पुन्हा मांडली गेली.

"ह्यो न्हाई. ह्याच्या अलीकडचा. हां. आता धरून ठिवा. घाई करू नका, कडंची अजून बसायलीय."

सूर लांबत गेला. काळ्या तळावर बारीक जाळीचं फूल उमटलं. गोजरबाईचे हात पाठीमागं होते. एकात एक गुंतवून तिनं ते घट्ट धरले होते.

"हळूच सोडा."

त्यानं सोडलं. फूल राहिलं.

"मधी मातर रिकामंच हाय," ती म्हणाली.

"तेवढं बाजाला येत न्हाई, अक्का."

हलगी वळणावर आली. उंबऱ्यापाशी ओवाळायचं ताट तयार होतं, हळद, कुंकू, निरांजन. गोजरबाईनं दोन्ही हातांनी परात उचलली आणि भरल्या घागरीच्या चालीनं नेऊन उंबऱ्यासमोर ठेवली.

धुरपताबाई धापा टाकत वरातीच्या पुढं आली, ती परातीसमोर थबकलीच.

"वन्सं! तुमी काढली?"

"बाजानं काढली. त्येला इचार."

नागनाथनं साक्ष द्यावी तसा तो सूर पुन्हा वाजवून दाखवला. धुरपताबाईनं खोक्याकडं बघितलं, परातीकडं बघितलं. मग खाली बसली. फुलाच्या मधोमध कुंकवाचा ठिपका होता. बोटाच्या टोकाएवढा.

"आन ह्यो?"

गोजरबाईचा उजवा हात पदराआड गेला.

"त्योबी बाजाचाच."

हलगी मांडवाच्या तोंडाशी आली. धुरपताबाई उठली, ताट उचललं, डोक्यावरचा पदर नीट केला. तिचं तोंड दाराकडंच होतं.

"बाजाला सांगा, बोट पुसून घे म्हणावं. लोक यायलेत."

सुमनबाईनंच काढली असं समजून सगळ्यांनी रांगोळीचं कौतुक केलं. तिनंही नाही म्हटलं नाही. नागनाथच्या बाजापुढं पोरं जमली आणि ह्यात फुकायचं कुठून, म्हणून विचारू लागली. गोजरबाई मांडवाच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी बसली होती. तिथून नवरीच्या मुंडावळ्यांचं नुसतं टोक दिसत होतं.

शेजारची बायनाबाई अक्षता वाटत शेवटपर्यंत आली. गोजरबाईनं डावा हात पुढं केला.

"अगं, उजवा कर की. लगीन हाय."

"दुखायलाय," गोजरबाई म्हणाली. पदराआडची मूठ तिनं उघडली नाही.