टेम्पोत जागा नाही

परराज्यातल्यांनी आजच गाव सोडावं, असं पुरुषांनी चौकात एकमतानं ठरवलं. परराज्यातला म्हणजे प्लांटवर कामाला आलेला गुड्डू, एकटाच. ठराव मांडणाऱ्या पुरनलालनंच टेम्पो मागवला.

"ए बिहारी, चल बैठ!"

गुड्डू पेटी घेऊन आला, तर टेम्पो गच्च भरलेला. पुढं मांडीवर गाठोडं घेऊन पुरनलालची माय, मागं त्याची बायको आणि गावातल्या निम्म्या सुना.

"माय, तू कायले बसली?"

"मी बालाघाटची. मध्यप्रदेशची. तुह्या बापानं लगन करून आणली ना मले? ठराव म्हणजे ठराव. ड्रायव्हर, चाल!"

टेम्पो गेला. गुड्डूला जागाच उरली नाही.

पुरनलालनं गुड्डूच्या हातातली पेटी घेतली. मग हळूच म्हणाला, "गुड्डूभैया, भात बनाना आता क्या?"